मदतीला गेलेल्या माणसाची जबाबदारी कोणावर?

मुठेकाठचा (धागाकर्ता) | १९ ऑगस्ट २०२५, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी,

आज जागतिक मानवतावादी दिन. याचे फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत नाहीत, त्यामुळे बऱ्याच जणांना असा काही दिवस असतो हेच माहीत नसेल. २००३ साली याच तारखेला बगदादमध्ये कनाल हॉटेलच्या भिंतीलगत स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला गेला. हॉटेलात संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय होतं. तिथले प्रमुख सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ माणसं गेली. त्यांच्या आठवणीत हा दिवस पाळतात.

धागा काढायचं कारण मात्र बगदादपेक्षा जवळचं आहे. गेल्या वर्षी १३ मेला गाझात, रफाहमध्ये, निवृत्त कर्नल वैभव काळे मारले गेले. मूळचे नागपूरचे, घर पुण्यात. ११ जम्मू-काश्मीर रायफल्समधून २०२२ मध्ये मुदतीआधी निवृत्ती घेतलेली, वय ४६. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात रुजू होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. हा विभागच मुळी बगदादच्या स्फोटानंतर उभा राहिला. आधीची सुरक्षाव्यवस्था कुचकामी होती असा अहवाल चौकशी समितीने दिला, आणि २००५ मध्ये नवा विभाग आला. मदत पोचवणाऱ्यांनी आज कुठल्या रस्त्याने जायचं, कुठे थांबायचं, कधी माघारी फिरायचं हे बघणारी ही मंडळी. म्हणजे राखणदारच मारला गेला.

ते युरोपियन हॉस्पिटलकडे निघाले होते. गाडीवर यूएनची खूण स्पष्ट होती. इस्रायली लष्कराने सांगितलं, या गाडीच्या मार्गाची आम्हाला कल्पना नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी सांगितलं, आम्ही सकाळीच कळवलं होतं. पुढे काय, तर चौकशी.

बातम्यांमध्ये 'गाझा युद्धात मारला गेलेला संयुक्त राष्ट्रांचा पहिला आंतरराष्ट्रीय कर्मचारी' असं सगळीकडे छापून आलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या दिवसापर्यंत त्याच संयुक्त राष्ट्रांचे दीडशेहून अधिक स्थानिक कर्मचारी गाझात मारले गेले होते. शिक्षक, कारकून, डॉक्टर, गोदामावरचे हमाल. त्यातल्या एकाचंही नाव मला आठवत नाही. तुम्हाला आठवतंय का?

मला जे खटकतंय ते असं. ही सगळी व्यवस्था एका गृहीतकावर उभी आहे, की आपण कोण आहोत आणि कुठे आहोत हे समोरच्याला सांगितलं की तो गोळी घालणार नाही. कुंदूझचं बघा. अफगाणिस्तानात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चं (एमएसएफ) शस्त्रक्रियेचं रुग्णालय होतं. त्यांनी इमारतीचे जीपीएस निर्देशांक अमेरिकी आणि अफगाण लष्कराला दिले होते, शेवटचे २९ सप्टेंबर २०१५ ला. ३ ऑक्टोबरच्या पहाटे अमेरिकी एसी-१३० विमान सुमारे तासभर त्याच इमारतीवर मारा करत राहिलं. आतले लोक फोन करून सांगत होते. ४२ जण मेले, त्यात १४ कर्मचारी. पुढच्या वर्षी पेंटॅगॉनने १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई केली, फौजदारी खटला एकावरही नाही. म्हणे हेतू नव्हता.

पत्ता देऊनही हे होणार असेल, तर मदतीला जाणाऱ्याने स्वतःला वाचवायचं कसं, आणि त्याच्या जिवाची जबाबदारी नक्की कोणावर? इथे कोणी या क्षेत्रात काम केलेलं असेल तर जरूर लिहा. राजकारणाचा धागा करू नका ही विनंती.


झणझणीत_ठेचा | सकाळी ९:१५

आमच्या नागपूरचा माणूस. बातमी आली त्या दिवशी घरी सगळे सुन्न होते बावा, ओळख ना पाळख तरी. धाग्याबद्दल धन्यवाद. वाचतोय.


स्पष्टवक्ता | सकाळी १०:०२

कटू वाटेल, पण विचारतो. जिथे बॉम्ब पडतायत तिथे जायला यांना सांगितलंय कोणी? सैनिकाला हुकूम असतो. यांना चांगला पगार असतो, डॉलरमध्ये. जोखीम माहीत असते. मग नंतर 'जबाबदारी कोणाची' हा प्रश्न कशाला? आपल्याकडे मेळघाटात कुपोषण आहे, तिकडे जा की.


मुठेकाठचा | सकाळी १०:२०

@स्पष्टवक्ता, पहिली काडी तुमचीच पडणार याची खात्री होती :)


जुबाची_पाहुणी | दुपारी १२:३८

एरवी वाचनमात्र असते, आज लिहिते. दक्षिण सुदानमध्ये लॉजिस्टिक्स सांभाळत होते, आता नैरोबीत डेस्कवर आहे. माहेर सातारा.

स्पष्टवक्ता, तुमचा प्रश्न माझ्या वडिलांनी शब्दशः विचारला होता, मेळघाटासकट. त्यांना दिलेलं उत्तर तुम्हालाही देते. 'जाणारे' फार थोडे असतात. बाकीचे तिथलेच असतात. दरवर्षी मारल्या जाणाऱ्या मदतकर्मींपैकी दहात नऊहून अधिक जण त्याच देशातले, बहुतेकदा त्याच जिल्ह्यातले. त्यांना कोणी बोलावलं नाही आणि त्यांना परतायला दुसरं घरही नाही. डॉलरचा पगार माझ्यासारखीला. आमच्या ड्रायव्हरला तिथलं चलन मिळायचं, आणि ते चलन कसं घसरत गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता सुरक्षा कशी ठेवतात ते सांगते, कारण लोकांच्या डोळ्यासमोर हेल्मेट आणि बुलेटप्रूफ जाकीट येतं. आमच्यापैकी बहुतेकांनी ते जाकीट प्रशिक्षणाशिवाय कधी अंगात घातलं नाही. रोजचं काम फार रटाळ असतं. गाडी निघताना रेडिओवर कळवायचं, कोण बसलंय, कुठे चाललोय, कधी पोचणार. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी पुन्हा कळवायचं. ठरल्या वेळी आवाज आला नाही की इकडे बेसवर घड्याळ सुरू. गाडीच्या दारावर बंदुकीच्या चित्रावर लाल काट मारलेला स्टिकर. नाक्यावर पोचलं की वेग कमी, गॉगल काढायचा, काच थोडी खाली, अंधार असेल तर आतला दिवा लावायचा, हात दिसतील असे ठेवायचे आणि बोलायचं फक्त ड्रायव्हरने. मागे बसलेल्या शहाण्यांनी गप्प राहायचं. फोनवर बोलणं तर सोडाच, फोन हातात दिसताही कामा नये.

आणि ड्रायव्हर! आमच्या ऑफिसच्या भिंतीवर मोठा नकाशा होता, त्यावर लाल-हिरव्या पिना लावलेल्या. पण रस्ता खरा कळायचा तो सकाळी ड्रायव्हर मंडळी चहा पीत बोलत बसायची तिथे. बाजारात आज बायका दिसल्या नाहीत. अमक्या गावची गुरं रात्रीतून हलवली. असं कानावर आलं की मी फेरी रद्द करायचे आणि मुख्य कार्यालयाला काहीतरी तांत्रिक कारण लिहून पाठवायचे, कारण 'गुरं हलवली' असा रकाना त्यांच्या फॉर्ममध्ये नव्हता. तिथे ड्रायव्हर डिंका जमातीचा की नुएर जमातीचा यावरही तो कुठल्या रस्त्याला जाऊ शकतो ते ठरतं. हे वाहनांच्या तक्त्यात लिहीत नाहीत. डोक्यात ठेवायचं.

रुजू होताना एक फॉर्म भरून घेतात. अपहरण झालंच, तर माणूस जिवंत आहे का हे पडताळायला असे प्रश्न द्यायचे ज्यांची उत्तरं फक्त तुम्हालाच ठाऊक, फेसबुकवर कुठेही नाहीत. पाकीट सीलबंद. मी लिहिलं होतं, 'आजी मला कुठल्या नावाने हाक मारायची?' उत्तर मराठीत आणि तेही शिवीसदृश, म्हणून एचआरच्या फ्रेंच बाईला दोनदा स्पेलिंग सांगावं लागलं.

जेवणाची सुट्टी संपली. उरलेलं रात्री.


आजीचा_बटवा | दुपारी १:१०

@जुबाची_पाहुणी, दंडवत ताई. नक्की लिहा.


निवृत्त_सुभेदार | दुपारी ३:०५

मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला एक टूर केलेली आहे. ताईंनी लिहिलेलं नाक्याचं सगळं बरोबर. पण एक विचारतो. एनजीओवाले आमचा एस्कॉर्ट (सशस्त्र सोबत) नको म्हणतात, मग काही झालं की आम्ही आलो नाही म्हणतात. हे कसं काय? एप्रिल २०१३ मध्ये तिथल्या जोंगलेई प्रांतात गुमुरुकजवळ यूएनच्या ताफ्याला संरक्षण देताना आपले पाच भारतीय जवान गेले. ताफ्यातले नागरिकही गेले. बंदूक बरोबर असूनही जिथे हे होतं, तिथे बंदुकीशिवाय फिरणं याला आमच्या भाषेत बेफिकिरी म्हणतात. राग मानू नये.


वकीलीणबाई | दुपारी ४:३०

कायद्याचं थोडं सांगते, कारण वर 'म्हणे हेतू नव्हता' असं आलंय आणि सगळं अडतं ते तिथेच.

जिनिव्हा करार १९४९ चे. भारताने १९५० मध्ये मान्य केले, १९६० मध्ये आपल्याकडे त्यावर कायदाही झाला. १९७७ चे पुढचे दोन प्रोटोकॉल (पुरवणी करार) भारताने स्वीकारलेले नाहीत. मदतकर्मींवर हेतुपुरस्सर हल्ला हा युद्धगुन्हा, असं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम कराराचं कलम ८ स्पष्ट म्हणतं. पण भारत, अमेरिका, इस्रायल, सुदान यांपैकी एकही त्याचा सदस्य नाही. तरीही दार पूर्ण बंद नाही. पॅलेस्टाइन सदस्य आहे, अफगाणिस्तान सदस्य आहे आणि सुदानमधल्या दारफूरचं प्रकरण सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये त्या न्यायालयाकडे सोपवलेलं आहे. म्हणजे कागदावर रस्ता आहे.

अडचण 'हेतुपुरस्सर' या अटीत आहे. तो हेतू सिद्ध करायला लागणारे आदेश, रेडिओचं रेकॉर्डिंग, ड्रोनचं चित्रीकरण ज्याने मारलं त्याच्याच ताब्यात असतं. १ एप्रिल २०२४ ला गाझात देर अल-बलाहमध्ये वर्ल्ड सेंट्रल किचन या अन्न पुरवणाऱ्या संस्थेच्या तीन गाड्या ड्रोनने एकामागून एक टिपल्या, सात जण गेले. मार्ग आधी कळवलेला होता. इस्रायली लष्कराने दोन अधिकारी बडतर्फ केले, चूक झाली म्हणाले. यंदा २३ मार्चला रफाहमध्ये रेड क्रिसेंटचे (तिकडची रेड क्रॉस) आठ, नागरी संरक्षण दलाचे सहा आणि संयुक्त राष्ट्रांचा एक असे १५ जण मारले गेले आणि गाड्यांसकट वाळूत पुरलेले सापडले. लष्कर आधी म्हणालं, गाड्या दिवे बंद करून आल्या. मग मेलेल्या एका पॅरामेडिकच्या फोनमध्ये व्हिडिओ मिळाला, त्यात दिवे लखलखतायत. तेव्हा कुठे निवेदन बदललं. तो फोन सापडला नसता, तर आज आपण 'दिवे बंद होते' हेच वाचत बसलो असतो.

सुरक्षा परिषदेचे ठराव म्हणाल तर २००३ चा १५०२, २०१६ चा २२८६ (तो दवाखान्यांसाठी), आणि गेल्या वर्षी २४ मेचा २७३०. शेवटच्याला १४ मतं, रशिया तटस्थ. ठरावांना तोटा नाही.

आणि ही गोष्ट फक्त गाझाची आहे असं कोणी समजू नये. श्रीलंकेत मुत्तूरला ४ ऑगस्ट २००६ रोजी एका फ्रेंच संस्थेच्या १७ स्थानिक कर्मचाऱ्यांना त्यांच्याच कार्यालयाच्या आवारात गोळ्या घातल्या. अंगात संस्थेचे टी-शर्ट होते. त्याला आता १९ वर्षं झाली. शिक्षा कोणालाही नाही.


स्पष्टवक्ता | सायंकाळी ५:१२

रशिया तटस्थ का हे पण सांगा की. आणि त्या गाझातल्या संस्थांमध्ये अतिरेकी घुसलेले होते त्याचं काय? एकच बाजू


संपादक मंडळ | सायंकाळी ५:५०

यानंतरचे काही प्रतिसाद उडवले आहेत. इस्रायल-पॅलेस्टाइनसाठी वेगळा धागा आहे आणि तो १२ पानांचा झालेला आहे. कृपया तिकडे जावे.


मुठेकाठचा | सायंकाळी ६:१५

संपादकांचे आभार. आज संयुक्त राष्ट्रांनी नवे आकडे दिलेत ते इथे टाकतो: २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले, २०२३ पेक्षा ३१ टक्क्यांनी जास्त. गाझात १८१, सुदानमध्ये ६०. आजवरचं सगळ्यात वाईट वर्ष. ज्या वर्षी २७३० क्रमांकाचा ठराव झाला तेच हे वर्ष, एवढंच नोंदवतो.


सोलापुरी_चादर | सायंकाळी ७:००

थोडं अवांतर. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. जपानी सैन्य मागावर असताना आघाडीवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले, वय ३२. त्यांना कुठला विमा आणि कुठलं प्रशिक्षण? तरी गेलेच ना. तेव्हाची माणसंच वेगळी होती.


आजीचा_बटवा | सायंकाळी ७:४४

@सोलापुरी_चादर, कोटणिसांबद्दल आदर आहेच. पण ते गोळीने गेले नाहीत, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. सलग उपसलेलं काम, अपुरी झोप, अपुरं अन्न. आज कुठल्याही संस्थेच्या डॉक्टरने त्यांना तपासलं असतं तर 'ताबडतोब रजेवर पाठवा' असंच लिहिलं असतं. 'तेव्हाची माणसं' म्हणत आपण त्यांच्या हालांचं कौतुक करतो, आणि मग आजचा कोणी रजा मागायला लागला की त्याला भित्रा ठरवतो. हे मला पटत नाही.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पोलिओच्या कामात राहिलेय, म्हणून शेजारच्या देशाचं उदाहरण देते. २०११ मध्ये अबोटाबादला बिन लादेनचा ठावठिकाणा काढण्यासाठी सीआयएने एका स्थानिक डॉक्टरला हाताशी धरून हिपॅटायटिस बी लसीकरणाचं सोंग उभं केलं. ते बाहेर फुटलं. जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानात तालिबानी कमांडरने पोलिओची लसच बंद पाडली आणि त्या डिसेंबरपासून कराची, पेशावरकडे लस पाजणाऱ्यांना गोळ्या घालायला सुरुवात झाली. त्यात बहुतेक बायका, तुटपुंज्या मानधनावर दारोदार फिरणाऱ्या. आता प्रत्येक पथकाबरोबर पोलीस देतात आणि मग ते पोलीसही मरतात. लशीविरुद्ध अफवा आधीही होत्या, नाही असं नाही. पण अफवेला असा पुरावा कोणी हातात आणून दिला नव्हता. यापुढे लसीकरणाचा असा वापर करणार नाही, असं व्हाइट हाउसने मे २०१४ मध्ये सांगितलं. तोवर पाकिस्तानातल्या कुठल्या तरी गल्लीत खांद्यावर निळी शीतपेटी अडकवून निघालेल्या बाईकडे लोक हेर म्हणून बघायला लागले होते. तिने काय जाकीट घालायचं?


जुबाची_पाहुणी | रात्री १०:२०

आले. आधी सुभेदारसाहेबांना.

राग कसला, साहेब. तुमच्या लोकांनी आमचे ताफे पोचवलेत, गुमुरुकचं आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आणि 'बंदूक कधीच नको' असं कोणी सरसकट म्हणतही नाही. सोमालियात नव्वदच्या दशकात रेड क्रॉसनेसुद्धा सशस्त्र रखवालदार घेतले, कारण त्याशिवाय धान्य गोदामाबाहेर निघत नव्हतं. पण सैनिक त्या भांडणात कोणाच्या तरी लेखी एक पक्ष असतो. आज मी तुमच्या गाडीमागून एखाद्या गावात गेले, तर उद्या तुम्ही नसताना त्या गावात मी तुमची माणूस म्हणून ओळखली जाते. तुमची टूर संपते, आमचा दवाखाना तिथेच राहतो. म्हणून आमच्यात आधी 'अ‍ॅक्सेप्टन्स' बघतात. गावाने, गावच्या मुखियाने आणि जंगलातल्या कमांडरनेही हे लोक आपल्या कामाचे आहेत असं म्हणायला हवं. त्याला महिनोन्‌महिने लागतात. बजेटमध्ये मात्र भिंतीला पैसे मिळतात, चहाला मिळत नाहीत. बगदादनंतर तर सगळेच काटेरी तारांच्या आत जाऊन बसले आणि जितके आत बसले तितकी बाहेरची बातमी बंद झाली.

तुमचा दुसरा मुद्दा, बोलावल्यावर येण्याचा. तिथे माझाही राग आहे. ११ जुलै २०१६, दक्षिण सुदानच्या राजधानीतलं, जुबाचं टेरेन हॉटेल. सरकारी सैनिक आत घुसले, मदतकर्मी बायकांवर अत्याचार झाले, एका स्थानिक पत्रकाराला गोळी घातली. शांतिसेनेचा तळ हाकेच्या अंतरावर होता. फोन गेले, निरोप गेले, कोणी आलं नाही. नंतर चौकशी होऊन शांतिसेनेच्या फोर्स कमांडरला हटवलं. २०१८ मध्ये लष्करी न्यायालयाने दहा सैनिकांना शिक्षा दिली, ती मिळाली कारण वाचलेल्या परदेशी बायका साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. स्थानिक बाईवर असं झालं असतं तर केस उभीसुद्धा राहिली नसती. हे मी अंदाजाने म्हणत नाही, तशा बायकांना दवाखान्यात पोचवलेलं आहे.

बटवाताई, तुमची निळी पेटी अगदी खरी.

आता या धाग्याचा मूळ प्रश्न, जबाबदारी कोणावर. गोळी घालणाऱ्यावर, हे तर झालंच. पण आमच्या क्षेत्रात सगळेच लाडकं पळवाट-वाक्य फेकतात, 'धोकादायक जागा आहे, होणारच'. वकीलीणबाई, डेनिसची केस तुम्हीच सांगाल का? कायद्याच्या भाषेत माझी तारांबळ उडते.


वकीलीणबाई | रात्री ११:०५

सांगते. मला ही फार महत्त्वाची वाटते.

२९ जून २०१२, केनियातली दादाबची निर्वासित छावणी. नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिलच्या ताफ्यावर हल्ला झाला. संस्थेचे सरचिटणीस भेटीला आलेले होते. एक ड्रायव्हर मारला गेला, चौघांना पळवून सोमालियात नेलं, चार दिवसांनी सुटका झाली. त्यातला स्टीव्ह डेनिस हा कॅनेडियन, पायाला गोळी लागलेली. त्याने संस्थेवरच ऑस्लोच्या न्यायालयात दावा लावला. संस्थेचं म्हणणं साधारण ताईंच्या त्या वाक्यासारखंच. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. त्या भागात अपहरणाचा धोका आधीच दिसत होता, एस्कॉर्ट घ्यायचं ठरलं होतं आणि तो निर्णय बदलला गेला, सबब हा घोर निष्काळजीपणा, असा निकाल. भरपाई सुमारे ४४ लाख क्रोनर.

न्यायालयाने 'धोकादायक ठिकाणी माणसं पाठवू नका' असं म्हटलेलं नाही. पाठवताय तर माहीत असलेला धोका कमी करायला तुम्ही काय केलंत ते दाखवा, एवढंच. ही साधी मालक-कामगार नात्यातली जबाबदारी आहे, कारखान्यात यंत्राला जाळी बसवायची असते तशी.

आणि एक गोष्ट या निकालाने सुटत नाही. डेनिस ऑस्लोपर्यंत पोचू शकला. त्या ड्रायव्हरच्या कुटुंबाने कुठल्या न्यायालयात जायचं?


निवृत्त_सुभेदार | २० ऑगस्ट, सकाळी ६:१०

ताई, पटलं. टेरेनबद्दल आमच्यातही शरमेने बोलतात. माझं एवढंच म्हणणं आहे की एस्कॉर्ट घ्यायचा की नाही हे जाणाऱ्या माणसाने आदल्या दिवशी ठरवावं, वरून फोन करून सकाळी बदलू नये. दादाबला तेच झालेलं दिसतं. फौजेतही असे बदल माणसं मारतात.


झणझणीत_ठेचा | सकाळी ९:३०

सुभेदारसाहेब +१

ताई, सुदानचं काय चाललंय आता? दक्षिण नाही, वरचं.


जुबाची_पाहुणी | सकाळी ११:५५

वाईट. २ जूनला उत्तर दारफूरमध्ये अल कोमाजवळ डब्ल्यूएफपी (संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम) आणि युनिसेफच्या १५ ट्रकांच्या ताफ्यावर हल्ला झाला, बरेच ट्रक जळाले, पाच जण गेले. मार्ग दोन्ही बाजूंना (सरकारी लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल) कळवलेला होता. आज, ऑगस्ट २०२५ मध्ये, तिथलं मुख्य शहर अल फाशर वेढ्यात आहे.

पण तिथे आज लोकांना जेवू कोण घालतंय, तर गल्लीगल्लीतली पोरं. 'इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स' म्हणतात त्यांना, सामुदायिक स्वयंपाकघरं चालवतात. दोन्ही बाजूंचे सैनिक त्यांना उचलतात, दुसऱ्या बाजूचे हेर म्हणून. त्यांच्याकडे ना विमा, ना रेडिओ, ना बाहेर काढायला विमान. आंतरराष्ट्रीय संस्था त्यांना पैसे देतात आणि अहवालात 'स्थानिक भागीदार' लिहितात. धोका आपल्या अंगावरून काढून त्यांच्या अंगावर घातला, असा सरळ अर्थ. त्यात यंदा अमेरिकेने मदत आटवली, १ जुलैपासून यूएसएड ही तिथल्या सरकारची परदेशी मदतीची संस्था अधिकृतरीत्या बंदच. पैसे कमी झाले की कात्री पहिली कशाला लागते? प्रशिक्षण, रेडिओ, सुरक्षा अधिकारी. कारण धान्याच्या पोत्यासारखा त्यांचा फोटो काढता येत नाही.


स्पष्टवक्ता | दुपारी १२:४०

बरं, एक प्रामाणिक प्रश्न, काडी नाही. मला पैसे द्यायचे असतील तर मी कसं ओळखायचं की संस्था आपल्या माणसांना सांभाळते?


जुबाची_पाहुणी | दुपारी १:१५

चांगला प्रश्न, आणि सोपं उत्तर नाही. वार्षिक अहवालात सुरक्षेवर किती खर्च केला ते शोधा. 'प्रशासकीय खर्च फक्त पाच टक्के' अशी जाहिरात करणारी संस्था दिसली की मला धडकीच भरते, कारण रेडिओ ऑपरेटरचा पगार बऱ्याचदा त्याच पाचात बसवतात. देणगीदारांनी हा टक्का कमी असायचा हट्ट सोडला तरी खूप झालं.


मंदाकाकू | दुपारी ४:२२

मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्या जाऊबाईंचा मुलगा नर्सिंग करून मुंबईत नोकरीला आहे. त्याला एका परदेशी संस्थेकडून चाडला सुदानच्या निर्वासितांच्या छावणीत सहा महिन्यांसाठी बोलावणं आलंय. घरात रडारड. तो ऐकणार नाही, स्वभाव माहीत आहे. जाऊबाई म्हणतात तू इंटरनेटवर बघ. त्याने सही करायच्या आधी काय विचारावं?


जुबाची_पाहुणी | सायंकाळी ५:४०

काकू, आधी जाऊबाईंना सांगा, त्या भागातलं काम अवघड आहे, पण सीमेच्या चाडकडच्या बाजूला छावणीत नर्स असणं आणि अल फाशरमध्ये असणं यात खूप फरक आहे.

त्याने हे लेखी मागावं. त्या ठिकाणाचा जोखमीचा आढावा, अगदी अलीकडचा, मागच्या वर्षीचा चालणार नाही. जायच्या आधी प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळणार का. ऑनलाइन व्हिडिओ बघून प्रमाणपत्र देतात ते धरू नका. तिथे सुरक्षेसाठी नेमलेला माणूस आहे का, की प्रकल्प समन्वयकच 'तेही बघतो'. आजारी पडला किंवा जखमी झाला तर कुठल्या शहरात, कशाने आणि किती तासांत नेणार. विम्यात युद्ध आणि अपहरण धरलंय का. बऱ्याच पॉलिसींत बारीक अक्षरात ते वगळलेलं असतं. परतल्यावर मानसोपचाराचा खर्च कोण आणि किती महिने देणार. मी परत आले तेव्हा माझ्या तेव्हाच्या संस्थेने दोन फोनवर आटपलं होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, 'मला आज बाहेर जाणं सुरक्षित वाटत नाही' असं म्हणायचा हक्क त्याला आहे का, आणि तसं म्हटल्याबद्दल पूर्वी कोणाचा करार थांबवलाय का.

शेवटी एक प्रश्न हटकून विचारायला सांगा. त्याला घेऊन फिरणाऱ्या स्थानिक ड्रायव्हरला विमा आहे का, आणि छावणी रिकामी करायची वेळ आली तर गाडीत ड्रायव्हरच्या कुटुंबाला जागा आहे का. ज्यांच्याकडे याचं उत्तर तयार असतं, ते तुमच्या मुलालाही नीट सांभाळतात.


आजीचा_बटवा | सायंकाळी ६:०५

लशी विसरू नका म्हणावं. पीतज्वराचं पिवळं कार्ड, मेंदुज्वर, धनुर्वात. मलेरियाच्या गोळ्या इथूनच सुरू करायच्या.


मंदाकाकू | २३ ऑगस्ट, सकाळी १०:३०

सगळ्यांचे खूप आभार. यादी त्याला पाठवली. आधी हसला, मग बसून ईमेल लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. प्रशिक्षण आठवडाभराचं आहे, प्रत्यक्ष. विम्यात युद्ध धरलंय, कागदपत्रं पाठवली आहेत, वाचायला वकीलीणबाईंना दाखवू का? ड्रायव्हरच्या प्रश्नावर त्या बाईंनी लिहिलंय की तिकडच्या कार्यालयाला विचारून कळवते. सोमवारपर्यंत सही हवी म्हणतायत.


वकीलीणबाई | सकाळी ११:१०

काकू, व्यक्तिगत निरोप करा, आज बघते.


जुबाची_पाहुणी | सकाळी ११:४८

सोमवार त्यांचा आहे, त्याचा नाही. ड्रायव्हरचं उत्तर आल्यावरच सही करायला सांगा.